कोपऱ्यातला आकडा

शंभरभाऊंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. आई होती, ती गेली. शाळेतले मास्तर गेले. बायकोने तर जन्मात कधी नाव घेतलं नाही, ती 'अहो' म्हणायची. बाकी सगळ्या जगाला ते शंभरभाऊ. नवख्या माणसाला वाटायचं, याच्या नावावर शंभर एकर जमीन असेल, नाहीतर शंभर भानगडी तरी. छे हो. माणूस अगदी गरीब गाय. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रक्त तपासायच्या खोलीत, चाळीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आणि शंभरपर्यंत मोजत राहिले. शंभर झाले की परत एकपासून. लोक म्हणतात यात काय मोठंसं. म्हणोत बापडे. एका जागी बसून शंभर मोजून दाखवा आधी, मग बोलू.

काम असं. बोटातून किंवा दंडातून काढलेल्या रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पुढे ओढून पातळ पसरायचा, वाळला की रंगात बुडवायचा. मग वर तेलाचा थेंब टाकून बघायचं. तांबड्या पेशी तर मोहरी सांडल्यासारख्या सगळीकडे. त्यांच्यातून पांढऱ्या पेशी शोधायच्या. त्या रंगाने जांभळ्या झालेल्या असतात, म्हणून सापडतात. पांढऱ्यांच्या पाच जाती, पण खरा कारभार दोघींचा. एक पॉली. कुठे जखम झाली, पू झाला, काही पेटलं की या पहिल्या धावत सुटतात. दुसरी लिम्फो. ही शांत. शत्रू कोण, आपला कोण, हे ओळखून लक्षात ठेवणारी. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि त्यात पॉली किती, लिम्फो किती, बाकीच्या किती, ते लिहून द्यायचं. साधारण बऱ्या माणसात पॉली साठेक, लिम्फो तीसेक.

मोजायला हाताखाली एक लोखंडी यंत्र होतं, टाइपरायटरच्या पिल्लाएवढं. पाच जातींची पाच बटणं, शेजारी एक खिडकी, तिच्यात एकूण बेरीज. पॉली दिसली, पहिलं बटण खट. लिम्फो दिसली, दुसरं खट. डोळा वरून हलवायचाच नाही, बोटं आपोआप चालायची. आणि बेरीज शंभर झाली की यंत्राच्या पोटातली घंटा वाजायची, टिंग. दिवसातून साठ-सत्तर वेळा टिंग. वरच्या मजल्यावरचे लोक म्हणायचे, खाली शंभरभाऊंची शाळा सुटली.

आता लग्नाचं सांगतो, कारण लग्न या शंभराच्याच कृपेने झालं.

त्या काळी वॉर्डातून घाईचा रिपोर्ट हवा असला की फोनवर तोंडी सांगायचे. फोन जायचा रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावरून. बोर्डावर एक मुलगी बसायची, कानाला डबडी, हातात दोऱ्या, या भोकातली दोरी काढून त्या भोकात. फोन जोडून द्यायचा आणि बाजूला व्हायचं, असा नियम. ही बाजूला होत नसे. ऐकत बसायची. आणि नुसती ऐकत नसे, बेरीज करायची.

एके दिवशी दुपारी शंभरभाऊंनी, तेव्हा ते पंचविशीचे आणि नुसतेच 'लॅबवाले', वॉर्डाला आकडे सांगितले. "पॉली चौसष्ट, लिम्फो एकोणतीस, इओसिनो चार, मोनो एक." पलीकडच्या नर्सने फोन ठेवला. यांनी ठेवायला हात खाली नेला तर आतून आवाज आला.

"दोन कुठे गेले?"

"कोण बोलतंय?"

"बोर्डावरून. अठ्ठ्याण्णव होतात. रोज तुमचे शंभर होतात, आज दोन कमी. कुठे सांडले?"

शंभरभाऊंनी कागद बघितला तर मोनो तीन होते, तोंडून एक गेला होता. त्यांनी वॉर्डाला परत फोन मागितला, चूक दुरुस्त केली, आणि मग बोर्डावर सांगितलं, "सापडले दोन." ती म्हणाली, "जपून ठेवत जा." बस. त्या दिवसापासून गडी मुद्दाम आकडे हळू सांगायला लागला. म्हणजे ऐकणाऱ्याला बेरजेला वेळ मिळावा म्हणून. सहा महिने हे असंच. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, नुसती बेरीज. शेवटी एकदा त्यांनी जाणूनबुजून नव्याण्णवच सांगितले. तिने विचारलं, "एक कुठे गेला?" हे म्हणाले, "तो वर यायला निघालाय, तुमचा चहा किती वाजता असतो?" असला इरसालपणा शंभरभाऊंनी आयुष्यात एकदाच केला, पण वेळ साधून केला. आई म्हणाली, मुलगी कशी आहे? हे म्हणाले, हिशेबाला पक्की आहे. आईला वाटलं, संसार नीट करील. तो तिने केलाच.

कोपऱ्याची गोष्ट यानंतरची. कॅन्सरच्या वॉर्डाचे मोठे डॉक्टर एक दिवस स्वतः खाली उतरले. मोठे डॉक्टर खाली आले म्हणजे खोलीतली माणसं उभीच राहायची. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "शंभर, माझ्या वॉर्डाच्या चिठ्ठीवर आणखी एक काम कर. पॉलीला लिम्फोने भाग, आणि येईल तो आकडा कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक लिही."

"कशाला साहेब?"

"अंदाज यायला. बऱ्या माणसात दोनाच्या आसपास येतो. गाठ शरीरात धुमसत असली की पॉली वाढतात, लिम्फो घटतात, आकडा चढतो. पाच, सहा, आठ. चढ्या आकड्याची माणसं लवकर जातात असं मला दिसतंय. पुष्कळ चिठ्ठ्या जमल्या की कळेल."

मग जाता जाता दारात थांबले आणि बोट उगारून म्हणाले, "आणि हे बघ. पेशंटला सांगायचं नाही. आकडा घोळक्याचा असतो, माणसाचा नसतो. आठवाली शंभर माणसं उभी केली तर त्यातली बरीच आधी जातील, पण कुठली राहतील ते आकड्याला विचारू नये. त्याला माहीत नसतं."

हे डोक्याला पटतं हो. पण माणूस खिडकीतून रक्ताची नळी देतो, तुमच्याकडे बघून हसतो, आणि तासाभराने तुम्ही त्याच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात साडेसहा लिहिता. दुसऱ्या दिवशी तोच माणूस बाकावर बसून वर्तमानपत्र वाचताना दिसला की तुम्हाला वर्तमानपत्र दिसत नाही, साडेसहा दिसतो. शंभरभाऊंचं तेच झालं. घरी येऊन ते बायकोला सांगायचे, नावं न घेता. हळूहळू घरातही कोपरा आला. सासूबाई रागावून गेल्या की बायको म्हणायची, "आईचा कोपरा आज नऊ आहे, दोन दिवस तिकडे जाऊ नका." चहा बिघडला तर चहाचा कोपरा वर.

यातच सलूनवाल्याचं प्रकरण झालं. रुग्णालयासमोर त्याचं दुकान होतं, दोन खुर्च्या आणि एक तडा गेलेला आरसा. तोंडाचा पक्का. त्याला घशाची गाठ निघाली आणि त्याची चिठ्ठी खाली आली. शंभरभाऊंनी मोजलं, भागलं, कोपऱ्यात लिहिलं: नऊ. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

सांगायचं तर नाही. मग करायचं काय? तर हे दर मंगळवारी त्याच्याकडे केस कापायला जायला लागले. एरवी दोन महिन्यांनी जाणारा माणूस. एक मंगळवार, दुसरा मंगळवार, तिसरा. खुर्चीत बसायचं, आरशातून त्याच्याकडे गाईसारख्या डोळ्यांनी बघायचं, तो जे बोलेल त्याला "हो, हो, अगदी बरोबर" म्हणायचं. चौथ्या मंगळवारी सलूनवाला कात्री खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, कापू काय? डोक्यावर काही ठेवलंय का तुम्ही?" तरी हे म्हणाले, असू दे, फिरव जरा.

पाचव्या मंगळवारी सलूनवाला दुकानात नव्हता. शंभरभाऊ तसेच बाहेर धावले. शेजारच्या दुकानात विचारलं, तर कळलं की दाढ काढायला गेलाय. महिनाभर दाढेत पू होता, गाल टम्म फुगला होता, आणि हा पठ्ठ्या लवंग धरून बसलेला, कुणाला बोलला नाही. घशाची गाठ असताना दाढेचं काय रडायचं, म्हणे. दाढ गेली, पू गेला, पंधरा दिवसांनी चिठ्ठी परत आली. कोपरा आला अडीच. पॉली धावत होत्या त्या दाढेपाठी, गाठीपाठी नव्हे.

गाठीवर उपचार झाले, आणि सलूनवाला त्यानंतर एकवीस वर्षं जगला. कोपऱ्याची गोष्ट त्याला पुढे केव्हातरी कळली, आणि मग काय, शंभरभाऊंचं जगणं मुश्कील केलं त्याने. दुकानात पाऊल टाकलं की बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "हे बघा, हे मला पोचवायला दर मंगळवारी यायचे. मी काही निघेना, यांचेच केस संपले." मोठे डॉक्टर पोट धरून हसले. शंभरभाऊंनी मात्र धडा घेतला. तेव्हापासून कोपरा चढा आला की शेजारी ते एक शब्द आणि प्रश्नचिन्ह टाकायचे: दाढ? म्हणजे आधी दुसरं काही पेटलंय का ते बघा. नव्या मुलांना शिकवायचे तेही हेच, आणि दुसरं एक. "स्लाइडच्या काठाने मोजायचं नाही, काठावर पॉली गर्दी करतात. मधेच घुटमळायचं नाही, मध्ये लिम्फो जास्त सापडतात. नागमोडी जायचं. काठ ते मध्य, मध्य ते काठ. आपल्याला हवं ते मोजायचं नसतं, असतं ते मोजायचं."

पुढे मशीन आलं. एका मिनिटात दहा हजार पेशी मोजायचं, आणि कोपऱ्यातला आकडा आपण होऊन कागदाच्या तळाशी छापायचं. जो आकडा पेन्सिलीने लपवून लिहिला जायचा तो आता ठळक टाइपात. शंभरभाऊ निवृत्त झाले त्या दिवशी खोलीतल्या मंडळींनी त्यांना ते जुनं लोखंडी यंत्र भेट दिलं. कुणाला नकोच होतं ते. बायकोने घरी ते पुसून रेडिओशेजारी ठेवलं. ती आधीच निवृत्त झाली होती, बोर्डावर एकतीस वर्षं काढून.

निवृत्तीची चार वर्षं बरी गेली. मग तिचं पोट दुखायला लागलं. आतड्याची गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ काढली, पण थोडी यकृतापर्यंत गेलेली होती. आता औषधांची सलाइनं सुरू करायची, त्याआधी रक्त. शंभरभाऊ स्वतः रिपोर्ट आणायला गेले. खिडकीत त्यांचीच विद्यार्थिनी होती, तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. तिने कागद दिला आणि मान खाली घातली. तळाशी छापलेलं होतं: आठ.

त्यांनी चष्मेवालीला म्हटलं, "स्लाइड लाव. मी मोजतो."

"काका, मशीनने—"

"लाव म्हणतो ना."

तिने लावली. शंभरभाऊ चार वर्षांनी त्या स्टुलावर बसले. यंत्र घरी होतं, म्हणून कागदावर रेघा मारत मोजायला लागले. लिम्फो, लिम्फो, पॉली, परत लिम्फो. तीस झाले, चाळीस झाले. आकडा बरा येत होता. चार येईल, साडेचार येईल. मागून चष्मेवालीचा आवाज आला, अगदी हळू.

"काका, तुम्ही मधेच घुटमळताय."

शंभरभाऊंचा हात थांबला. त्यांनी कागद चुरगळला, नवीन घेतला. काठ ते मध्य, मध्य ते काठ. पॉली ऐंशी, लिम्फो दहा, बाकीच्या दहा. घंटा नव्हती, तरी शंभर झाल्याचं त्यांना कळलं. ते उठले आणि चष्मेवालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगली शिकलीस." आणि बाहेर बाकावर जाऊन, जिथे आयुष्यभर लोकांना बसलेलं पाहिलं होतं तिथे, रडले.

घरी जाण्याआधी त्यांनी रिपोर्टची तळाची पट्टी फाडून खिशात घातली. बायकोने कागद हातात घेतला, खालची फाटकी कड बघितली, आणि घडी घालून परत दिला.

आणि मग शंभरभाऊंनी घरात मंगळवार सुरू केला. आयुष्यभर हा माणूस बायकोशी रोज एक तरी वाद घालायचा. खिडकी उघडी ठेवायची की बंद, रेडिओ मोठा की बारीक. आता ती म्हणेल ते. खिडकी उघडते? उघड. बंद करते? कर. तिने चहात मीठ टाकलं असतं तरी "छान झालाय" म्हणाले असते. समोर बसून टक लावून बघायचं, आणि तिने वर पाहिलं की भिंतीकडे बघायचं. तिने तीन दिवस सहन केलं. चौथ्या दिवशी हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं.

"अहो, माझ्याकडे मंगळवारसारखं बघू नका."

"मी कुठे बघतोय?"

"मी अजून इथे आहे. तुम्ही मला आधीच पोचवून बसलात. मला औषधांची भीती नाही वाटत, खरंच सांगते. ही जी काय वर्ष-दोन वर्षं असतील, ती तुमच्या या तोंडासमोर काढायची, याची वाटते."

शंभरभाऊंनाही कळत होतं. पण डोळ्यांना आकडा दिसला की दिसला, तो पुसायचा कशाने? हाच खरा पेच होता. ती समोर बसली होती, बोलत होती, विणत होती, आणि त्यांना ती दिसतच नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी ती गालाला हात लावून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय झालं?"

"काही नाही. डावीकडची दाढ. आठवडाभर ठणकतेय."

शंभरभाऊंच्या हातातला पेपर खाली पडला. "आठवडाभर? आणि बोलली नाहीस?"

"पोटात गाठ असताना दाढेचं काय रडायचं."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खी दाढ मिळाली. माणूस इतका घाईला आला की चपला उलट्या घातल्या. दातांचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून होते, जुन्या ओळखीचे, हलक्या हाताचे. त्यांनी तिला आत घेतलं, शंभरभाऊंना बाहेर बसवलं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, गालात कापसाचा बोळा. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "साफ केलंय. गुळण्या करा." तिने बोळ्याआडून सांगितलं, "पू होता." शंभरभाऊंनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले, सोडीनात.

घरी येताना दोघं पायीच आले. कोपऱ्यावर ती थांबली, त्यांच्या बाहीला धरून तिने विचारलं, "आता बरं वाटतंय ना?"

शंभरभाऊ हसले. "दाढ तुझी, आणि विचारतेस मला? बोळा नीट धर, बोलू नकोस." कितीतरी दिवसांनी ते तिच्यावर खेकसले होते. ती खूश दिसली.

औषधं सुरू व्हायच्या आधी परत रक्त झालं. कोपरा आला साडेचार. का उतरला? शस्त्रक्रियेची जखम भरत आली होती, तेही असेल. ती आता शांत झोपायला लागली होती, तेही असेल. अशा आकड्याला चढायला आणि उतरायला छप्पन्न कारणं असतात, हे शंभरभाऊंना जगात कुणापेक्षाही चांगलं माहीत होतं. पण ते माहीत असणारा शंभरभाऊ त्या दिवशी सुट्टीवर होता. खिशातली ती आठाची पट्टी त्यांनी काढली, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलं: दाढ. प्रश्नचिन्ह टाकलं नाही.

ती पुढे एकोणीस महिने जगली. आणि काय सांगू, ते एकोणीस महिने चांगले गेले. औषधांचे दिवस वाईटच असायचे, ओकाऱ्या, तोंड आलेलं, केस गेलेले. सलूनवाला असता तर म्हणाला असता, आता वहिनींचे संपले. पण मधले दिवस त्यांचे होते. खिडकीवरून भांडण परत सुरू झालं. रेडिओवरून सुरू झालं. शेवटी शेवटी ती अंथरुणाला लागली तेव्हा हाक मारायला आवाज पुरेना. मग तिनेच डोकं चालवलं. ते लोखंडी यंत्र उशाशी मागून घेतलं आणि म्हणाली, "याला नव्याण्णववर आणून ठेवा. मी एक दाबीन."

असं चालायचं. ती एक बटण दाबायची, टिंग, हे असतील तिथून यायचे. पाणी हवं असायचं, कूस बदलायची असायची, कधी काहीच नको असायचं. काम झालं की शंभरभाऊ तिच्या शेजारी बसून बाजूची किल्ली फिरवून यंत्र शून्यावर आणायचे आणि परत नव्याण्णव वेळा दाबायचे. खट, खट, खट. ती मुद्दाम मधे बोलायची, त्यांचं मोजणं चुकवायला. "अहो, त्या मुलीच्या लग्नाला आपण गेलो होतो, ती कोण हो?" आणि खिडकीतला आकडा नजरेतून निसटून घंटा वाजली की पांघरुणात तोंड घालून हसायची. परत शून्यापासून. दिवसातून आठ-दहा वेळा हे.

ती गेली तेव्हा यंत्र नव्याण्णववर होतं. शंभरभाऊंनी तसंच राहू दिलं. धूळ पुसताना कुठलं बटण दाबलं जाणार नाही, एवढी काळजी घ्यायची.

या गोष्टीला दोन वर्षं झाली, आणि शंभरभाऊंची स्वतःची दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर आता थकले होते, मुलगा काम बघायचा, पण शंभरभाऊ म्हटल्यावर ते स्वतः उठले. दाढ बघितली, गोळ्या लिहून दिल्या. शंभरभाऊ उठता उठता म्हणाले, "तुमच्या हाताला यश आहे डॉक्टर. त्या वेळी तुम्ही तिची दाढ साफ केलीत म्हणून आकडा खाली आला. नाहीतर तिला एकोणीस महिने कुठले."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"शंभरभाऊ, बाईंचे दात माझ्यापेक्षा चांगले होते. एकही किडलेला नव्हता."

"पू होता ना."

"कसला पू? मी नुसते दात घासून दिले. तेवढं त्या औषधांच्या आधी करतातच. मी 'साफ केलंय' म्हणालो, ते खरंच होतं. बाकीचं त्या म्हणाल्या. आदल्या दिवशी फोन आला होता त्यांचा. आकडा आठ आलाय म्हणाल्या, आणि उद्या मी दाढ घेऊन येते."

पट्टी तर खिशात होती, मग तिला आठ कुणी सांगितला, असा प्रश्न शंभरभाऊंना पडला आणि लगेच सुटला. फोनवरून आकडा काढून घेणं हा तर तिचा जन्माचा धंदा.

"मी त्यांना विचारलं," डॉक्टर म्हणाले, "अहो बाई, नसलेल्या दुखण्यावर मी इलाज काय करू? तर म्हणाल्या, दुखणं आहे. पेशंट बाहेर बाकावर बसलेला असेल."

शंभरभाऊ घरी आले. चालत आले, त्याच गल्लीने. त्या कोपऱ्यावर थांबले, जिथे तिने बाही धरली होती. बोळ्यामुळे तिचे शब्द नीट फुटत नव्हते, तरी तिने विचारलं होतं, आणि त्यांनी खेकसून गप्प केलं होतं. ती उत्तराची वाट बघत क्षणभर तशीच थांबली होती, हेही त्यांना आता आठवलं.

घरात दुपारचं ऊन होतं. खिडकी बंद होती. त्यांनी ती उघडली, तिला हवी असायची तशी. टेबलाच्या खणात ती आठाची पट्टी होती, तिच्यावर त्यांच्याच अक्षरात दाढ लिहिलेलं. त्यांनी खोडरबर घेतलं, बराच वेळ हातात धरलं, आणि परत ठेवून दिलं. कारण बरोबरच लिहिलं होतं. दाढेनेच उतरला होता.

मग ते उशाशी जाऊन बसले. यंत्राच्या खिडकीत नव्याण्णव होतं. त्यांनी दुसरं बटण दाबलं, लिम्फोचं.

टिंग.

"हो गं," ते म्हणाले. "बरं वाटतंय."

मग त्यांनी बाजूची किल्ली फिरवली, यंत्र शून्यावर आणलं, आणि नव्याण्णव मोजायला लागले.